पेट्रोलमधलं पाणी
पेट्रोलचा वास आला की पवनेतली ती होडी आठवते. लग्नाला महिना झालेला. साहेबांच्या होडीची मोटर ह्यांनी दुरुस्त केलेली. नीट चालली तर हे कंपनीत कायम होणार होते. नदीच्या मधोमध मोटर खोकली, दमली, बंद पडली. हे घामाघूम, साहेब वल्हं शोधतायत, मी दोघांच्या तोंडाकडे बघतेय. ह्यांनी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं, तर तळाशी पाणी! "पाणी आलं कुठून?" हे म्हणाले. "खरंच, कुठून हो?" मीही शहाणीसारखं विचारलं. पाणी काढल्यावर मोटर सुरू झाली, हेही कायम झाले. घरी मोरीतली राख दिसली तेव्हा माझी ट्यूब पेटली: पेट्रोलचा डबा सकाळी मीच राखेने घासून, विसळून ह्यांना पंपावर न्यायला ओलाच दिला होता. हे अजून पंपवाल्याला शिव्या देतात, आणि मी "मेला लबाड!" म्हणून साथ देते.