सतरा नंबरचा श्वास

त्या बाईवर करणीचा आळ आला. तो खोटा आहे हे सांगू शकणारा माणूस एकच होता, तो म्हणजे मी. मी गप्प राहिलो. आता ऐंशी उलटली आहे, पण एवढं लिहून होईल.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. पूर्णा स्टेशनापासून थोड्या अंतरावर कापसातली सरकी काढायचा कारखाना, म्हणजे जिन, होता आणि तिथं मी मुन्शी होतो. हंगामात पन्नासेक बाया यंत्रांवर कापूस घालायच्या. भर दुपारीसुद्धा आत धुकं पडल्यासारखं असे. रुईची कुसं हवेत तरंगत, बायांच्या भुवया पांढऱ्या होत. सगळ्या तोंडाला पदर गुंडाळून उभ्या. नुसते डोळे दिसायचे. विशीतली कोण आणि पन्नाशीची कोण, हे मी गळ्यातल्या बिल्ल्याच्या नंबरावरून ओळखायचो.

आमचा सेठ एकदा मुंबईच्या गिरण्या बघून आला. "तिथं मजुरांच्या तब्येतीचं बघतात. आपल्याकडंही काहीतरी सुरू करा," म्हणाला. मी मनापासून केलं. सकाळी गूळ आणि फुटाणे, झाकलेले रांजण, दुपारी थोडा वेळ लिंबाखाली मोकळ्या हवेत. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातली. हुतूतूत मी पक्का होतो, छाती किती निरोगी ते दमावरून कळतं असं मला वाटे. म्हणून दर सोमवारी प्रत्येकीनं एका दमात हुतूतू म्हणायचं, मी घड्याळाचे ठोके मोजायचे. विसाच्या आत दम तुटला तर आठ दिवस घरी आराम.

पहिल्या सोमवारी हसून हसून बाया वाकल्या.

"मुन्शीजी, आमाला हुतूतू खेळायला लावायलाव का? मग तुमी बी या की मदी, तंगडी धरताव!"

त्यातल्याच एकीनं विचारलं, "आठ दिसांनी परत घेताल का पन?"

"घेऊ की," मी म्हणालो. बायांना कामावर लावणाऱ्या मुकादमाला विचारलं नव्हतं. दोघींना आरामाला पाठवलं, त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या यंत्रांवर दुसऱ्या बाया उभ्या होत्या. त्यानंतर कुणाचाच दम विसाच्या आत तुटला नाही. गुळाचा गुण आला असं मला वाटलं.

सतरा नंबरची बाई तरुण होती, सोनपेठकडची, इथं भावाकडं राहायची. रांगेत तिच्या मागं अठरा नंबर, चुडाव्याहून गाडीनं येणारी विधवा. थंडीतला एक सोमवार. सतरा नंबरचे ठोके मोजत होतो, सव्वीस, सत्तावीस, आणि सहज तिच्या तोंडाकडं पाहिलं. बोलणाऱ्याचा पदर आतबाहेर होतो. तिचा हलत नव्हता, भिंतीला चिकटवल्यासारखा. आवाज मात्र चालूच होता, बारीक, एकसुरी. तिचे डोळे माझ्यावर लागलेले. अंगावर काटा आला. मग मागं नजर गेली. अठरा नंबरचा पदर थरथरत होता.

तिचा दम संपला होता आणि मागची तिच्यासाठी म्हणत होती. मला सगळं समजलं. मी रजिस्टरात "ठीक" लिहिलं. हैदराबादहून एक साहेब आमची ही योजना बघायला येणार होते, सेठला त्यांना ते रजिस्टर दाखवायचं होतं. पुढचे कितीतरी सोमवार मी तेच लिहिलं.

साहेब यायच्या आधीच सतरा नंबर यंत्रापाशी कोसळली. अंगणात नेईपर्यंत गेली. तिच्या थुंकीत रुईचे धागे मी पाहिले.

तिचा भाऊ आला. "आजारी व्हती का वो ती? खरं सांगा."

मी रजिस्टर पुढं केलं. "हे बघा. सोमवारपर्यंत ठणठणीत होती."

त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं. "मंग अशी एकाएकी कशी गेली?"



पुढच्या सोमवारी सवयीनं तोंडातून निघून गेलं, "सतरा." आणि हुतूतू सुरू झालं. मी ठोके मोजत राहिलो, लेखणीनं "ठी" काढलासुद्धा. मग ध्यानात आलं, रांगेत सोळा आणि अठराच्या मधे जागा रिकामी आहे. बाया मागं सरकल्या. अठरा नंबर एकटी उभी राहिली, डोळे मिटलेले, आणि आवाज थांबत नव्हता. आपण म्हणतोय हे तिला ठाऊक नसावं. सवयच असेल. तसं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण तो सूर तिचा नेहमीचा नव्हता.

"हिच्यात हाय ती!" कुणीतरी ओरडलं. "हिनंच खाल्ली तिला!"

आवाज तुटला. तिनं डोळे उघडले. "मी तिच्यासाठी म्हनत व्हते गं. तिच्यात दमच ऱ्हायला नव्हता."

"लय खोटी! ती तर ठणठणीत व्हती. मुन्शीजीनं लिवलंय."

ती माझ्याकडं वळली. "मुन्शीजी, तुमाला ठावं हाय. सांगा की."

मी रजिस्टर मिटलं. "चला, कामाला लागा," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बातमी तिच्या आधी चुडाव्याला पोचली होती. तिला विहिरीवर येऊ देईनात असं कानावर आलं.

निजामाचं राज्य गेल्यावर एकदा मी चुडाव्याला उतरलो. तिचं घर विचारलं तेव्हा स्टेशनावरचा हमाल दचकला.

"तिकडं कशाला जाताव? तिच्या दारावरनं कुनी जात न्हाई. निरोगी मानसाचा श्वास वढती ती."

"कुणी सांगितलं, मेलेली बाई निरोगी होती म्हणून?"

"सरकारी कागदात लिवलेलं हाय म्हनं."

सरकारी नव्हे, ते माझं रजिस्टर होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं. त्याची नजर गेली तिकडं लिंबाच्या झाडाआड एक घर दिसत होतं, चूल पेटलेली असावी, धूर निघत होता. हमाल वाट बघत उभा होता.

"बरं," मी म्हणालो, आणि परतीच्या गाडीत बसलो.