रिकामी फळी

साता समुद्रापार लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालातली गोष्ट. कापसाची गाडी घेऊन मी कौंडण्यपूरच्या घाटावर नावेची वाट बघत थांबायचो. तिथं एक म्हातारी माळीण वांगी विकायची. तिची वाडी वर्धा नदीच्या पल्याड. पहाटे ती टोपली फळीला बांधायची, स्वतः फळीवर पालथी पडायची आणि खडकांतल्या उतरत्या धारेवरून सुसाट घाटाला लागायची. बोलणं फटकळ. "घ्याचं असन त घे, नाई त चाल पुढं."

बिचारी पोटापायी जीव धोक्यात घालते, असं मी समजत होतो.

एका पहाटे तिनं टोपली काठावर उतरवली. गिऱ्हाइकं हाका मारत होती. तिनं ऐकलंच नाही. रिकामी फळी डोक्यावर घेऊन ती काठानं वर चालत गेली आणि पुन्हा धारेत शिरली. या खेपेला ती फळीवर चक्क उभी होती! दोन्ही हात पसरलेले, पांढरे केस मोकळे, आणि तोंडानं लहान पोरीसारखी किंकाळी.

माझ्या हातून बैलांचा कासराच सुटला.

"मावशी, पुन्हा कायसाठी गेलती?"

निथळत ती म्हणाली, "पयली खेप पोटासाठी रे बाबू. हे माह्यासाठी."