मोजून दिलेलं पाणी

आमच्या गावचे वॉलमन, म्हणजे नळाला पाणी सोडणारे, गावात कुणाच्याही घरी पाणी पीत नसत. चहा पीत, पोहे खात, पोळ्याला पुरणपोळीही खात; पण समोर तांब्या आला की तळहात आडवा धरत. मी बदली होऊन इथल्या शाळेवर आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याही पेल्याला हात आडवा केला. माझ्या मनात भलतीच शंका आली. ती मी बोलून दाखवली नाही, हे बरं झालं. शेजारीण हसून म्हणाली, "सगळ्या गावालाच तसं करतेत ते." पुढे कधीतरी मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "मॅडम, आज तुमच्या घरचं तांब्याभर पाणी पिलो, की उद्या तुमच्या गल्लीला पाच मिन्टं जास्ती सोडावं वाटंल. मंग बाकीच्यांनी काय करायचं?"

टेंभुर्णीहून आत वळलं की आमचं गाव लागतं. उंचावर टाकी, खाली पाच गल्ल्या, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा आणि खड्ड्यात वॉल. तो फिरवायची लोखंडी चावी वॉलमनच्या कमरेच्या वर यायची. ती खांद्यावर टाकून ते पायी फिरत. हिवाळ्यात चौथ्या दिवशी पाणी, उन्हाळ्यात आठव्या. वॉल बंद करायच्या पाच मिनिटं आधी ते चावीनं विजेच्या खांबावर दोन ठोके देत. ठोके ऐकले की बाया भांडणं थांबवून शेवटची भांडी नळाखाली सारत. त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण ते कुणी घेत नसे. मी त्यांना भाऊ म्हणायची.

एकदा सरपंचांच्या घरी लग्न होतं. दोन तास नळ सोडा, असा निरोप आला. भाऊंनी वीस मिनिटं सोडला आणि ठोके दिले. सरपंच धोतर सावरत खड्ड्यापाशी आले. "अरे, घरात पाचशे माणूस जेवून राह्यलं!" भाऊ चावी फिरवत म्हणाले, "जेवू द्या की. वाढायला कमी पडलं तर मला बोलवा, मी वाढायला येतो." त्या दिवशी ते खरंच वाढायला गेले. पंगत उठेपर्यंत वाढलं, आणि येताना तहानलेलेच आले.

त्यांचं स्वतःचं घर शेवटच्या गल्लीच्या पार टोकाला होतं. तिथं पोचेपर्यंत पाण्याची करंगळीएवढी धार व्हायची. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, सगळ्यांसमोर म्हणायच्या, "गावाचं पाणी यांच्या हातात अन् माझ्या रांजणाचं बूड कोरडं." भाऊ शांतपणे उत्तर द्यायचे, "तुझं लगीन वॉलमनसंग लावलं होतं, टाकीसंग न्हाई." वहिनींनाही हसू यायचं. हसतच त्या कळशी घेऊन शेतातल्या विहिरीकडे निघायच्या.

त्यांची मोठी मुलगी वैष्णवी माझ्याकडे तिसरीत होती. अक्षर चांगलं, पाढे पाठ, बोलणं बापासारखं मोजकं. त्या वर्षी होळीच्या सुमारास ती वर्गातून सारखी उठायला लागली. करंगळी वर करायची, परत यायची, बाटली तोंडाला लावायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा करंगळी. स्कर्ट कमरेला सैल झाला म्हणून वहिनींनी पिन लावून दिली होती. मी म्हटलं, उंची वाढतेय, ऊन तापतंय. तेवीस वर्षं शिकवतेय. अशी दहा कारणं मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एक लावलं आणि पुढचा धडा घेतला.

इकडे त्यांच्या गल्लीत वेगळीच कुजबूज सुरू झाली होती. वहिनी दिवसातून तीनदा विहिरीवर जाताना दिसत. त्यांच्या दारातली मोरी कायम ओली असे. "आपल्याला आठ दिवसांनी बादलीभर, अन् वॉलमनच्या घरी मोरी वाहून राह्यली," असं एकीनं म्हटलं. दुसरीनं त्यात भर घातली, "टाकीवरून मागच्या मागं पाईप टाकला आसंल." गावसभेत एक जण उभा राहून बोलला, "आधी वॉलमनच्या घरचा नळ तपासा." भाऊ भिंतीशी उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना शाळेच्या फाटकाशी गाठलं. मला वाटलं, मी शहाणपणाचं सांगतेय.

"भाऊ, लोक बोलतायत. तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण घरात पाणी जरा बेतानं वापरायला सांगा. तोंडं आपोआप बंद होतील."

"आमच्या वैष्णवीला लई तहान लागून राह्यली, मॅडम," ते म्हणाले. "तेवढंच जास्ती जातंय. दुसरं काही न्हाई."

"मुलांना सवय लागते. सवय लावली तशी मोडताही येते."

हे माझे शब्द. त्यात कमी-जास्त काही करत नाही.

चार दिवसांनी ते मुद्दाम शाळेत आले. चेहरा हलका झाला होता. "आता कोणी बोलणार न्हाई, मॅडम. माणशी मापून ठेवलंय. सकाळी एक बाटली, संध्याकाळी एक. पोरीला पण तेवढंच. रडली दोन दिवस, आता मागत पण न्हाई. बिलकुल." मी मान डोलावली. चांगलं केलंत, असंही म्हटलं.

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली होती. भाऊ येऊन गेल्यावर आठवड्याभरानं खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत वर्गाच्या दारात आल्या. "मॅडम, जल्दी या. ही पोरगी भांडी धुतलेलं पाणी पिऊन राह्यली."

वैष्णवी मोरीपाशी उकिडवी बसली होती. बादलीत भाताची शितं आणि राख तरंगत होती. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. मी दंडाला धरून उठवलं तर दंड हाताला लागलाच नाही, नुसतं हाड.

"घरी पाणी नाही का गं?"

"आहे."

"मग?"

"माझं माप झालंय." मग म्हणाली, "न्हाई जात, मॅडम. किती पण पिलं तरी न्हाई जात."

मी तिच्या तोंडाशी वाकले होते. तिच्या श्वासाला वास येत होता, सडायला आलेल्या पेरूसारखा गोड. तिचा श्वास जोरात चालला होता आणि डोळे मिटत होते. मला आजार कळला नाही. पण हे ऊन नव्हे, एवढं कळलं. वर्ग मावशींवर सोपवला आणि तिला स्कूटीवर पुढे उभी करून भाऊंना शोधायला निघाले.

ते आमच्याच गल्लीच्या खड्ड्यापाशी होते. पाणी सोडून पाचच मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "भाऊ, चला." ते म्हणाले, "गल्ली पुरी होऊ द्या, वीस मिन्टं." वैष्णवीची मान माझ्या हातावर कलंडली होती, ती मी सरळ केली. ते बघत राहिले. चावी तशीच वॉलवर ठेवून मागे बसले आणि मुलीला दोघांच्या मधे घेतलं.

त्या दिवशी आमच्या गल्लीला साडेतीन तास पाणी आलं. त्याबद्दल मात्र गावसभेत कुणी काही बोललं नाही.

वाटेत वैष्णवी एकदाच बोलली. मला पाठीमागून ऐकू आलं. "पप्पा, मी चोरून पिले. पण घरचं न्हाई पिले."

टेंभुर्णीच्या डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली आणि पट्टीवर थेंब घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली की ते आकडा दाखवत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी दुसऱ्या बोटातून पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. मग त्यांचा आवाज बदलला.

"लहान मुलांतला डायबेटिस असण्याची शक्यता आहे. टाइप वन म्हणतात. पक्कं जालन्याला करतील. पण आत्ताच्या आत्ता निघा. मी रुग्णवाहिका बोलावतो."

"डॉक्टरसाहेब, ती गोड खात पण न्हाई," भाऊ म्हणाले. "आमच्या दोघांच्या घराण्यात कोणाला साखर न्हाई."

"याचा गोड खाण्याशी संबंध नाही. पाणी किती पीत होती?"

"सकाळी एक बाटली, संध्याकाळी एक." भाऊंनी ताबडतोब सांगितलं. हिशोब त्यांच्या जिभेवर होता.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "आणि मागत किती होती?"



जालन्याच्या दवाखान्यात तिला आत घेतलं आणि काचेचं दार बंद झालं. वहिनींना आणायला मी गाडी पाठवली, शाळेत रजा कळवली, वाटेतून केळी आणि बिस्किटं आणली. भाऊ दारासमोरच्या बाकावर बसून होते. काचेतून सलाइनची बाटली दिसत होती. दोन दिवस त्यांनी तिच्यावरची नजर काढली नाही. परिचारिका येऊन नळीवरचं चाक फिरवून जायची. तेवढ्यापुरते ते उठून उभे राहायचे. एकदा तिला म्हणाले, "ताई, थोडं जास्ती सोडा ना." ती म्हणाली, "काका, ठरल्यापेक्षा जास्त सोडून चालत नाही. मेंदूला सूज येते." ते खाली बसले. ते वाक्य त्यांच्या आत किती खोल गेलं असेल, याचा अंदाज मी केला नाही.

मधेच ते मला विचारायचे. "शक्यता म्हणाले ना, मॅडम? म्हंजे अजून झालेलं न्हाई ना?" मी म्हणायची, तपासण्यांचे कागद येऊ देत. वहिनी आल्यावर त्यांनी तोच प्रश्न वहिनींना विचारला. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोन घास खा बरं आधी." शक्यता या एका शब्दाला धरून तो माणूस दोन दिवस बसला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तपासण्यांचे कागद आले आणि तो शब्दही गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. शरीरात इन्शुलिन तयार होत नाही, रोज टोचावं लागेल, आयुष्यभर. भाऊंनी एकच विचारलं, "मी पाणी मापून दिल्तं. त्यानं झालं का?"

"आजार त्यानं झालेला नाही," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "पण शरीर कोरडं पडून हाल वाढले. ती तहान बघून तुम्ही महिनाभर आधी आला असतात, तर तिला आत ठेवावं लागलं नसतं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भाऊ, बेतानं वापरायला मीच सांगितलं होतं."

"तुम्ही लोकांचं बोलणं सांगितलं," ते म्हणाले. "माझ्यासमोर तर पोरगी मागत होती."

वैष्णवी वाचली. सुई द्यायला भाऊ दोन दिवसांत शिकले. घड्याळ बघून, जेवणाआधी, न चुकता. पण वॉलचं काम त्यांच्याकडून होईना. चावी घेऊन खड्ड्यापाशी जायचे आणि ठोके द्यायची वेळ आली की नुसते उभे राहायचे. गल्लीतून बाया ओरडायच्या, "वॉलमन, पुढच्या गल्लीला कधी सोडता?" सरपंच स्वतः घरी येऊन म्हणाले, "तुझ्यासारखा बराबर माणूस मिळायचा न्हाई." भाऊंनी महिनाअखेरीला काम सोडलं. नव्या माणसाला प्रत्येक वॉल किती फेरे फिरवायचा ते दाखवलं आणि मुलीच्या दवाखान्याजवळ म्हणून जालन्याला बिऱ्हाड हलवलं. तिथं एका वसाहतीत ते मोटर चालू-बंद करतात. निरोप घेताना ज्यांनी बोट दाखवलं होतं त्यांच्याही घरी ते जाऊन आले.

वैष्णवी आता सहावीत आहे, स्वतःची सुई स्वतः घेते. तिची धाकटी बहीण ईश्वरी साडेचार वर्षांची झाली. दुसऱ्या मुलाला हा आजार बहुधा होत नाही, पण लक्ष ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय.

मागच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत भाऊंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, हळू.

"मॅडम, वर्गात न्हाई ना तुम्ही?"

"नाही. बोला, भाऊ."

"धाकटीनं काल राती चड्डी ओली केली. वर्षभर करत नव्हती. अन् सकाळपासून पाणी मागून राह्यली. उन्हानं आसंल ना?"

बाहेर मुलं ओट्यावर डबे खात होती. ऊन होतंच. माझ्याकडची दहाही कारणं होती.

"वैष्णवीचं साखर मोजायचं यंत्र कुठंय?"

"ती शाळेत घेऊन गेली."

"मग तपासायला दवाखान्यातच जा. रिक्षा बोलवा. आणि रिक्षा येईपर्यंत तिला पाणी द्या, मागेल तेवढं."

"मागंल तेवढं," ते म्हणाले.

फोन त्यांनी बंद केला नाही, नुसता बाजूला ठेवला असावा. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग लहान मूल पितं तसा, घटाघट. पेला रिकामा झाल्याचं कळलं, पुन्हा ओतल्याचं कळलं. मी फोन कानाला लावून उभी राहिले. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलं वर्गात गेली, तरी पिण्याचा आवाज थांबला नव्हता.