वाटेवरून परत आणलेली नऊ मुले

खांबेटेसाहेबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्यामागे माझ्याच शाळेतली नऊ मुले उभी होती, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले होते. साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात विद्वान मंडळी त्यांच्या व्यासंगाविषयी लिहितीलच. मी पाथर्डी तालुक्यातल्या एका लहान गावचा हेडमास्तर. मला त्या दिवसाविषयीच लिहिता येईल.

लढाईचा काळ होता. इंग्रजी पहिली ते तिसरी असे मराठी चौथीनंतरचे तीन वर्ग, तीन मास्तर आणि देवळाशेजारच्या दोन खोल्या, एवढी आमची शाळा. तिची तात्पुरती मान्यता त्या वर्षी संपत होती. साहेब तेव्हा शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर. ते तपासणी करणार, शाळेला अ, ब किंवा क दर्जा देणार आणि मान्यतेची शिफारस करायची की नाही ते ठरवणार. मान्यता गेली असती तर इंग्रजीसाठी नगर गाठावे लागले असते, आणि आमच्या मुलांपैकी नगरला राहून शिकण्याची ऐपत तिघाचौघांचीही नव्हती.

तपासणीच्या दिवशी कच्ची मुले घरी ठेवायची आणि हजेरीपटावर 'आजारी' लिहायचे, हा तेव्हाचा सर्रास रिवाज. मी त्यावर आणखी शहाणपणा केला. मुले गावात दिसली तर पंचाईत, म्हणून नऊजणांना सकाळीच तिसगावच्या बाजाराला पिटाळले. साहेब मोटारीने तिसगावला उतरून तिथूनच छकड्याने येणार, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. शिवाय कोटटोपीवाला दिसला की रांगेत उभे राहून 'गुड मॉर्निंग, सर' म्हणायचे, हे मीच त्यांच्याकडून घोटून घेतले होते.

व्हायचे तेच झाले. तिसगावात छकड्यात बसणाऱ्या साहेबांना नऊ तोंडांनी खणखणीत गुड मॉर्निंग घातले. साहेबांनी विचारले, "आज शाळा नाही का रे?"

त्यांचा म्होरक्या म्हणजे पिंजाऱ्याचा सलीम. तो निर्मळपणे म्हणाला, "शाळा हाय की, सायेब. पन आमाला सुट्टी हाय. आज मोटं सायेब येनार म्हून नुसती हुशार पोरं बसवल्यात."

साहेबांनी सगळ्यांना छकड्यात कोंबले. शाळेच्या दारात उतरून ते मला म्हणाले, "हेडमास्तर, तुमची नऊ मुले वाटेत सापडली. तब्येती ठणठणीत आहेत. मोजून घ्या." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. त्यामुळे मी अधिकच घाबरलो.

साहेबांचे तपासणीचे वळणच निराळे. आधी पाण्याचा माठ पाहायचे, मग मुले, आणि कागदपत्रे अगदी शेवटी. त्या दिवशी त्यांनी खिडकीबाहेरचा छकड्याचा बैल दाखवून त्याचा रंग इंग्रजीत विचारला. आमच्या पहिल्या नंबराने 'द काउ इज अ युसफुल ॲनिमल' इथून पाठ केलेला निबंध सुरू केला, तो थांबवेपर्यंत थांबला नाही. मग छकड्यात वाट दाखवताना सलीम जे इंग्रजी बोलला होता, ते साहेबांनी त्याला पुन्हा बोलायला लावले. तो हातवारे करीत म्हणाला, "सर, स्टोन. स्लो, स्लो. नाऊ गुड रोड." साहेब पोट धरून हसले. "व्याकरणाच्या नावाने शून्य," ते म्हणाले, "पण याच इंग्रजीवर मी इथवर सुखरूप आलो."

साहेबांच्या यादीविषयीही सांगायला हवे. दरवर्षी ते इंग्रजी शाळांची क्रमवार यादी करीत. पुढे एका वर्षी श्रीगोंद्याकडची एक शाळा पहिली आली. साहेबांनी तिच्या हेडमास्तरांना हार घातला आणि आठ दिवस यादीतल्या शेवटच्या शाळेवर शिकवायला पाठवले. "पहिलं येण्याची ही शिक्षा हाय व्हय?" असे ते गृहस्थ आम्हाला विचारीत. परत आले ते मात्र त्या मुलांच्या गोष्टी सांगत. लढाईमुळे वह्या मिळेनाशा झाल्या तेव्हा साहेब एका बाजूने कोरे असलेले जुने कागद शिवून आमच्याकडे पाठवीत. शिवणही त्यांच्याच हातची असे.

त्या दिवशी तपासणी आटोपल्यावर त्यांनी मला एकट्याला बसवून घेतले.

"मान्यतेची शिफारस मी करतो. दर्जा 'क' मिळेल. तो तुमचा आहे, मुलांचा नव्हे. शेरेबुकात या नऊजणांविषयी अक्षर लिहिणार नाही. मात्र तुम्ही नऊ घरी जायचे आणि मूल बाहेर का पाठवले ते आईबापांना खरे सांगायचे."

"साहेब, मग गावात माझी काय किंमत राहील?"

"ते गाव ठरवील," साहेब म्हणाले आणि छकड्यात बसले.

माझा अतिशय संताप झाला होता, हे आज कबूल करतो. तरी गेलो. आठ घरे चार दिवसांत उरकली. कुणी हसले, कुणी चहा दिला, एका आजीने माझी यथास्थित हजेरी घेतली. पिंजाऱ्याचे घर मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण सलीम तपासणीनंतर शाळेत फिरकलाच नव्हता.

तो बापाशेजारी कापूस पिंजत बसला होता. त्याचे वडील अमीनभाई उठून म्हणाले, "मास्तर, त्याला आता धंद्याला लावला. सायबाम्होरं बसवन्याजोगं पोरगं न्हाई, तर उगं तुमाला तरास कशाला?"

मी सगळे सांगितले. मुलाची परीक्षा न घेताच मी त्याला कच्च्यात काढले, भीती मला वाटत होती आणि साहेबांनी सर्वांदेखत त्याचीच तारीफ केली, हेही सांगितले. अमीनभाई एक पाऊल पुढे आले.

"म्हंजी पोरगं ढ न्हाई?"

"नाही. चूक माझी."

ते आतल्या दाराकडे वळून मोठ्याने म्हणाले, "सलीमची अम्मी, ऐकलं का? मास्तर सोता घरी येऊन सांगत्यात, आपला सलीम ढ न्हाई!"

सलीम अंगावरचा कापूस न झटकताच दप्तर शोधायला आत पळाला.

साहेब, त्या 'क' दर्जावर आमची शाळा जगली आणि गावाने मला ठेवून घेतले. आता इंग्रज गेले. इंग्रजी राहणार की जाणार यावर आम्ही मास्तर मंडळी अजून भांडतो आहोत. आपणही सेवेतून मोकळे झालात, पण कृपा करून घरी बसू नका. परमेश्वर आपणांस धडधाकट पाय आणि शंभराहून अधिक वर्षे देवो, आणि त्या सर्व वर्षांत आपण या जिल्ह्याच्या रस्त्यांवरून हिंडत राहा. मुले दडवणारे हेडमास्तर अजून पुष्कळ आहेत. त्यांची मुले आपणांसच भेटोत.