भाऊजींचे सिलोनचे कागद

आमच्या धाकट्या भाऊजींइतका कागदावर जीव टाकणारा माणूस नागपुरात दुसरा झाला नाही आणि होऊही नये. या एकाच्याच पायी मी थकले. आमचं घर इतवारीत, कोष्ट्यांच्या वस्तीत. सासरे हातमागावर बसत. भाऊजी मात्र शिकून कचेरीत कारकून झाले आणि तिथून कागदाचा रोग घरी घेऊन आले. लग्नाला गेले तरी आमंत्रणपत्रिका खिशात, कोणी दारात अडवलं तर दाखवायला. रेशनकार्डाची हाताने केलेली नक्कल देव्हाऱ्यात. एकदा त्यांची हरवलेली छत्री पोलीसचौकीत सापडली, तर छत्री तिथेच ठेवून ते भर पावसात खरेदीची पावती न्यायला घरी आले. शिपाई मागे ओरडत होता, ‘‘अजी, घेऊन जा न बाबा, तुमचीच आहे!’’ हे ऐकतील तर शपथ.

अशा माणसाने सिलोनला जायचं काढलं. माझ्या जावेचा एकुलता भाऊ कोलंबोत कापडाच्या दुकानात होता. बारा वर्षांत बहीणभावाची गाठ नव्हती. त्याने लिहिलं, दिवाळीच्या सुट्टीत दोघं या, महिनाभर राहा, समुद्र पाहा. दिवाळीनंतर शेठ मला आफ्रिकेतल्या दुकानावर पाठवतो आहे, मग भेट होईल न होईल. पत्र वाचून जाऊ स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं, तेवढंच.

पुढचे चार महिने माझ्या पोळपाटावर पोळी कमी आणि कागद जास्त. पासपोर्टचं अजून कशात काही नाही, तरी भाऊजींनी देवीची लस आधीच टोचून घेतली. दाखल्यावरचा शिक्का पुसट उमटला म्हणून आठ दिवसांनी पुन्हा टोचून आले. दंड सुजून भोपळ्याएवढा झाला. मी म्हटलं, ‘‘अहो, शिक्काच पुन्हा मारून घ्यायचा होता.’’ तर कण्हत म्हणतात, ‘‘जुन्या टोचणीवर नवा शिक्का म्हंजे खोटं झालं न, वहिनी.’’ सगळे कागद मेणकापडाच्या पिशवीत घालून ती छातीशी बांधायचे, जेवतानासुद्धा. वाकले की पिशवी आमटीत. शेजारणी जावेला चिडवायच्या, ‘‘लंकेत चालली का वं? मारुतीले सोबत ने!’’ ती हसायची. तिला एवढं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

शेवटी कागद द्यायला पासपोर्टच्या कचेरीत आम्ही तिघं गेलो. जाऊ परक्यापुढे तोंड उघडत नसे, म्हणून मी. बाबूने सगळे कागद पाहिले, भाऊजींचं कौतुक केलं आणि भावाने तिकडून पाठवलेल्या हमीपत्राशी थांबला.

‘‘यांनी गोदावरीले बोलावलं. तुम्ही सरस्वतीले घेऊन आले. गोदावरी कुठं आहे?’’

माझी जाऊ माहेरी गोदावरी, लग्नात नाव बदलून सरस्वती. भावाने आपल्या बहिणीचं नाव लिहिलं, त्यात त्याची काय चूक? आणि भाऊजींनी ते पत्र पन्नासदा वाचलं होतं, पण बायकोला वीस वर्षं ‘अवं’ म्हणणाऱ्या माणसाला यातलं एकही नाव कानाला खटकलं नाही.

‘‘एकच हाय जी ते!’’ भाऊजी म्हणाले.

‘‘कागद?’’

सुईपासून छत्रीपर्यंत सगळ्याचा कागद होता, याचा नव्हता. मीच पुढे झाले. ‘‘लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं यांनी. ताट मी धरलं होतं.’’

‘‘ते तांदूळ आहेत का, बाई?’’

‘‘दुसऱ्या दिवशी रांधून खाल्ले.’’

बाबू हसला. जावेने माझा पदर धरला. ‘‘जाऊबाई, मंग दादा निंघून जाईन न आफ्रिकेत?’’

बाबूने वाट सांगितली : मॅजिस्ट्रेटपुढे नवऱ्याने शपथेवर सांगायचं, एका साक्षीदाराने दुजोरा द्यायचा. दुसऱ्या दिवशी तिथे उभे राहिलो. साहेब म्हणाले, पत्नीची दोन्ही नावं सांगा. भाऊजींचे कान लाल. ‘‘लिहून देतो न, साहेब. तीन प्रती देतो.’’

‘‘तोंडानं सांगा.’’

भाऊजींनी टोपी नीट केली, खाकरले, भिंतीकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाले, ‘‘गोदावरी. अन् सरस्वती.’’ जाऊ जमिनीकडे बघत होती. मी माझी साक्ष दिली, चौथी पास बाईची सही केली आणि पाय दुखत होते म्हणून बाकावर जाऊन बसले.

पासपोर्ट आले, दोघं गेले. पंधरा दिवसांनी भाऊजींचं पत्र आलं. अर्ध्या पत्रात कुठे कोणता शिक्का मारला त्याची हकिकत. मग खाली लिहिलं होतं : ‘वहिनी, इथं हिचा भाऊ दिवसभर गोदे, गोदे करते. पहिले दोन दिवस ही वळूनच पाहत नव्हती. मीच सांगो, अवं, तुले बोलावून राहिला तो. काल पहिल्यांदा ओ दिली.’

मला वाचायला वेळ लागतो. तेवढ्या ओळी मी दोनदा वाचल्या. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. माझंही माहेरचं नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहावं, असं मनात आलं. पण पलीकडे सासूबाई जाग्या होत्या, म्हणून राहू दिलं.