जुन्या मापाचे आटे

दादाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पावणेसहाला तो कारखान्याच्या फाटकात हजर. घर समोरच, रस्त्यापलीकडे. तरी पाळीच्या पंधरा मिनिटं आधी. लेथ थोडं रिकामं फिरवून गरम केल्याशिवाय आटे नीट पडत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी त्याचा धाकटा भाऊ, ओतकाम विभागात. मी सहाच्या ठोक्याला पोचायचो आणि त्याची बोलणी खायचो.

आम्ही पाण्याचे पंप बनवायचो. पंपाच्या तोंडाशी मोठा पितळी नट. त्याच्या आट्यांचं माप कुठल्या पुस्तकात नव्हतं. मालकाच्या वडिलांनी जुन्या लेथवर पहिला पंप केला, तेव्हा जे आटे पडले तेच माप ठरलं. नकाशा कधी काढलाच नाही. माप राहिलं ते दादाच्या लाकडी पेटीतल्या सहा गेजांत, म्हणजे आटे ताडून पाहायच्या पोलादी मापांत.

मग नवे मॅनेजर आले. फाटकावर कापडी फलक लागला: आंतरराष्ट्रीयीकरण. सगळ्यांना गोळा केलं. दादाने विचारलं, "साहेब, एवढ्या लांबलचक शब्दाचा अर्थ काय?"

"कुठल्याही देशात बसेल असा माल. सगळीकडे चालणारं एकच माप."

"आणि चाळीस वर्षं विकलेले पंप? त्यांना नट कुठून द्यायचे?"

"मिस्तरी, तुमच्याबरोबर त्यांनाही निवृत्त करू."

लोक हसले. मीही हसलो. ते अजून खुपतं.

त्याच आठवड्यात जुनं लेथ भंगारात निघालं. गेजांची पेटीही. मॅनेजरांनी पेटी हातगाडीवर टाकायला लावली आणि गाडी दादालाच ढकलायला लावली. सकाळी सहाला, पाळीची माणसं आत येत असताना.  दादाने गाडी सरळ रेषेत नेली, कुठे हिसका नाही. मी ओळखलं, हा माणूस आता हे सोडणार नाही.

महिनाअखेर त्याला घरी बसवलं. एकतीस वर्षांच्या नोकरीची मिळालेली सगळी रक्कम घेऊन तो भंगारवाल्याकडे गेला. लेथ आणि पेटी घेऊन परत आला. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "लोकांचे नवरे नोकरी संपली की खाटेवर पडतात. माझ्याने खाट बाहेर काढून लेथ आत बसवलं."

"तू झोप की वर माळ्यावर."

"झोपते. पण पहाटे खडखडाट केलास तर तुलाच भंगारात देईन."

आठ महिन्यांनी परदेशातली पहिली ऑर्डर आली. त्यांच्याकडे व्यापाऱ्यांमार्फत पूर्वी गेलेले आमचेच जुने तीनशे पंप चालू होते. आधी त्यांचे नट द्या, मग नवे पंप घेऊ, असं त्यांनी कळवलं. कारखान्याने झिजलेल्या पंपावरून माप घेऊन नट बनवले. सगळे गळले. पुन्हा बनवले. पुन्हा गळले. मालकाने मॅनेजरांना आठ दिवस दिले.

मॅनेजर आमच्या दारात आले तेव्हा दादा लेथ पुसत होता. त्याने बसा म्हटलं नाही.

"मिस्तरी, तीनशे नट हवेत. म्हणाल तो भाव."

"भाव नंतर. त्या लांबलचक शब्दाचा अर्थ सांगा पुन्हा."

 मॅनेजर हळूच म्हणाले, "कुठल्याही देशात बसेल असा माल."

"बसेल. पितळेचे ओतीव तुकडे उद्या सकाळी सहाला पोचवा. हातगाडीवरून. गाडी तुम्ही ढकलायची."

"माणूस पाठवतो ना."

"माणूस आला तर दार उघडणार नाही."

दुसऱ्या दिवशी साडेचारलाच दादा उठला. लेथ फिरवून गरम केलं आणि दारात उभा राहिला. मीही उभा राहिलो. पाळीची माणसं फाटकात थांबली. मॅनेजर गाडी घेऊन निघाले. चाक खड्ड्यात अडकलं, सदरा पाठीला चिकटला. कुणी हात लावला नाही. या वेळी मी हसलो नाही, पण दयाही आली नाही.

"वाकडी जातेय, साहेब," दादा एवढंच म्हणाला.

तीनशे नट त्याने सहा दिवसांत केले. प्रत्येक नट गेजवर तपासला. एकही गळला नाही. सूड घेताना त्याने काम खराब केलं नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

मजुरी हातात आल्यावर तो टेप घेऊन फाटकापाशी गेला आणि त्या फलकावरच्या अक्षरांची उंची मोजून आला. मग रंगाऱ्याला बोलावलं. कारखान्याकडे तोंड करून आमच्या भिंतीवर पाटी लागली: जुन्या मापाचे आटे पाडून मिळतील. अक्षरं त्यांच्याहून एक इंच मोठी.