ऑलिव्हमावशीची हाक

बस यायला अजून अवकाश होता, तरी अर्धी वस्ती उजाडताच हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर येऊन बसली होती. सावलीत चादरी अंथरलेल्या, चहाचे थर्मास, निखाऱ्यात भाजलेल्या पावाचे मोठाले तुकडे, आणि न बोलावता आलेली कुत्री. ऑलिव्हमावशी मात्र एका जागी बसायला तयार नव्हती. नव्या पिवळ्या फ्रॉकमध्ये तिची रस्त्यापर्यंत जाऊन येरझार चाललेली.

"आई, बस की जरा. रस्ता झिजेल," तिची लेक ग्लेनिस म्हणाली.

"तू गप गं! तुझ्या वेळेलासुद्धा एवढा घोर नव्हता लागला मला."

"बघा! पोटच्या पोरीला काय म्हणते!"

"अगं, तू येणार हे पोटावरून दिसत होतं. हिचं काय दिसतंय?"

सगळ्या हसल्या. मावशीही हसली आणि पुन्हा रस्त्यावर गेली.

तिची धाकटी बहीण येणार होती. लहानपणी पोलिसांनी उचलून नेलेली.

त्या काळी गोऱ्या बापाची, उजळ रंगाची पोरं सरकार इथल्या आदिवासी आयांपासून तोडून न्यायचं. कायदाच तसा होता. गाडीची धूळ दिसली की बायका चरबीत कोळसा कालवून पोरांच्या अंगाला फासायच्या. धाकटीलाही रोज फासत. पण एका दुपारी उकाड्याने हैराण होऊन पोरगी नदीत उतरली, मनसोक्त डुंबली आणि स्वच्छ होऊन बाहेर आली, तेव्हा गाडी काठावरच उभी होती. लहानगी ऑलिव्ह धाकटीचं नाव घेऊन ओरडत गाडीमागे धावली. आवाज पार बसेपर्यंत धावली.

तो आवाज पुढे असा काही उघडला की विचारू नका. तरुणपणी ऑलिव्हमावशी एका गोऱ्याच्या गुरांच्या वाड्यावर स्वयंपाकाला होती. तिथली जेवणाची घंटा मोडली, ती मालकाने कधी दुरुस्तच केली नाही. ऑलिव्ह दारात येऊन एक हाक द्यायची, की लांब कुरणातले घोडेस्वार माघारी वळायचे. नवरा म्हणे तिच्याशी भांडायला नदीपलीकडे जायचा आणि तिथूनही त्याला सगळं ऐकू यायचं. तिने पाच पोरं वाढवली, त्यांची पोरं वाढवली, आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईलाही लेक मानून दम द्यायला सुरुवात केली. आणि या सगळ्या वर्षांत, ओळखीचं कुणी दक्षिणेकडे शहरात निघालं, की ती धाकटीची चौकशी करायला सांगायची.

मग यंदा हरवलेली माणसं शोधून देणाऱ्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. धाकटी पर्थमध्ये होती, एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. दोघी फोनवर बोलल्या.

"मला फार काही आठवत नाही," धाकटी म्हणाली. "कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडत होतं, तेवढंच. ती तू होतीस?"

"मीच," ऑलिव्हमावशी कुजबुजली. तिला कुजबुजताना आम्ही प्रथमच ऐकत होतो. मग म्हणाली, "ये तू. बसमधून उतरलीस की परत ओरडते. तेच नाव."

आणि नेमकं परवा, धाकटी बसने वाटेला लागल्यावर, मावशीची म्हातारी चुलत बहीण वारली. तिचं नाव आणि धाकटीचं नाव एकच. इकडे गेलेल्या माणसाचं नाव पुष्कळ काळ कुणी उच्चारत नाही. त्या नावाचं जिवंत माणूस असलं तरी त्यालाही नावाऐवजी 'कुमुन्जायी', म्हणजे नाव न घेण्याचं माणूस, म्हणायचं. म्हणून मीही ते नाव इथे लिहिलेलं नाही.

"मग आता ओरडणार काय तू?" ग्लेनिसने विचारलं.

"तोंड उघडल्यावर कळेल," मावशी म्हणाली. पण चेहरा उतरला होता.

बस आली! कुत्री भुंकली, चादरी तुडवत सगळे उठले. आधी दोन गोरी पोरं उतरली, मग एक ट्रकवाला, मग करड्या पँटमधली, पर्स छातीशी धरलेली एक बाई. दोन पावलं टाकली नाहीत तोच ऑलिव्हमावशीने माझं मनगट आवळलं. "आईची चाल! बघ, आईचीच चाल!"

तिने तोंड उघडलं. नाव ओठांवर आलं, तसा हात तोंडावर गेला. तेवढ्यात ड्रायव्हरने पायरीवरून त्या बाईचं नाव ठणकावून घेतलं आणि म्हणाला, "हेच तुमचं गाव!"

गेलेल्या म्हातारीच्या लेकींनी चेहरे झाकून आक्रोश सुरू केला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, कुणी पाठ फिरवली. त्या बाईने ते पाहिलं. आपलं नाव निघालं आणि अख्ख्या गावाने तोंड फिरवलं, एवढंच तिला दिसलं. ती मागे वळली.

"चुकलं माझं," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मला पुढे घेऊन चल." आणि पायरीवर पाय ठेवला.

"नांगलाऽऽऽ!"

झाडावरचे पांढरे पोपट एकदम उडाले. पंपावरच्या दुकानाचा मालक बाहेर आला. फक्त जिच्यासाठी हाक होती ती वळली नाही. ऑलिव्हमावशी सपाता तिथेच टाकून धावली आणि तिने तिचं कोपर धरलं.

"तुलाच हाक मारतेय, बहिरे!"

"माझं नाव ते नाही."

"तेच आहे!"

"सगळ्यांनी तोंड फिरवलं. मी पाहिलं."

"तुझ्यावरून नाही गं! परवा बहीण गेली आपली, तुझ्याच नावाची. सुतक आहे. त्यात हा टोणगा..."

"मी काय केलं?" ड्रायव्हर म्हणाला.

"तू चहा पी जा!" मावशी पुन्हा बहिणीकडे वळली. "ते नाव ओरडेन म्हणाले होते, ते नाही जमणार आता. पण आपण दोघी नांगला. सख्ख्या बहिणींचं नात्याचं नाव एकच असतं. जन्मलीस तेव्हापासून आहेस. गाडीवाल्यांना ते ठाऊकच नव्हतं, म्हणून ते इथे राहिलं."

धाकटीने पायरीवरचा पाय खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "परत म्हण."

मावशीने हातभर अंतरावरून पूर्ण आवाजात हाक दिली.

"अगं, कान गेला माझा!" धाकटी किंचाळली, आणि दोघी एकमेकींना धरून हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या.

"बाई, येताय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही. निघ तू," धाकटी म्हणाली.

तिथून वरात थेट नदीवर. ऑलिव्हमावशीने आपल्या काखेतला घाम हातावर घेऊन धाकटीच्या कपाळाला, दंडांना चोळला.

"ई! हे काय?"

"नदीला वास कळायला नको? परकी समजली तर आजारी पाडेल तुला."

"अगं, मी चांगला सेंट मारून आलेय."

"म्हणूनच जास्त चोळावं लागतंय!" मावशीने पाण्याकडे तोंड करून पूर्वजांना साद घातली, "म्हाताऱ्यांनो, ही आपली! उशीर झालाय, रागावू नका!"

तेवढ्यात ग्लेनिस ओरडली, "धाकट्या आई, तुझी बॅग कुठाय?"

बॅग बसच्या पोटात होती आणि बस केव्हाच दिसेनाशी झाली होती.

"पुढच्या पंपावर फोन करू," ग्लेनिस म्हणाली. "थांबवतील ते."

"करू सावकाश," धाकटी म्हणाली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती पाण्यात शिरली होती. "परतीचं तिकीट आहे फक्त त्यात."